वंश, राष्ट्र आणि बोस्नियातले 'इतर'

कृष्णाकाठ

दुसऱ्या एका धाग्यावर कुणीतरी लिहिलं होतं की एका वंशाचे लोक एकत्र आले की राष्ट्र होतं, बाकी सगळी पुस्तकी चर्चा. तिथे उत्तर लिहायला घेतलं, ते लांबत गेलं, म्हणून वेगळा धागा काढतोय. मला हे विधान घातक वाटतं. का वाटतं ते युगोस्लाव्हिया फुटून झालेल्या बोस्निया या युरोपातल्या देशाच्या उदाहरणावरून सांगतो, कारण हा फरक पुसला की काय होतं ते तिथे कायद्याच्या भाषेत लिहून ठेवलेलं आहे.

व्याख्या नंतर. आधी याकोब फिन्सी या गृहस्थांबद्दल. हे बोस्नियाच्या राजधानीचे, साराएव्होचे ज्यू. १४९२ मध्ये स्पेनने हाकलून दिलेले ज्यू ऑटोमन मुलखात पांगले, त्यातले काही पुढे साराएव्होत स्थिरावले. तिथला ज्यू समाज तेव्हापासूनचा. १९९२ ते १९९६ असा १,४२५ दिवस त्या शहराला वेढा पडला होता. त्या काळात 'ला बेनेव्होलेन्सिया' ही ज्यू संस्था औषधं आणि गरम जेवण वाटत होती, आणि रांगेतल्या कुणालाही तू कोणाचा म्हणून विचारत नव्हती. फिन्सी त्या कामात पुढे होते. नंतर देशाने त्यांना स्वित्झर्लंडमध्ये राजदूत म्हणूनही पाठवलं. पण राष्ट्राध्यक्ष मंडळाच्या निवडणुकीला मला उभं राहता येईल का, असं त्यांनी निवडणूक आयोगाला विचारलं, तेव्हा जानेवारी २००७ मध्ये लेखी उत्तर आलं की येणार नाही. कारण ते ज्यू आहेत.

हा नियम आला कुठून? नोव्हेंबर १९९५ मध्ये अमेरिकेतल्या डेटनच्या हवाई तळावर तह ठरला, १४ डिसेंबरला पॅरिसमध्ये सह्या झाल्या. त्या तहाचं चौथं परिशिष्ट हीच बोस्निया-हर्झेगोव्हिनाची राज्यघटना. बोस्नियाक, क्रोएट आणि सर्ब यांच्यातल्या त्या युद्धात सुमारे एक लाख माणसं मेली होती. स्रेब्रेनित्सा गावात आठ हजारांहून जास्त बोस्नियाक पुरुष आणि मुलगे ठार केले गेले, त्याला जेमतेम पाच महिने झाले होते. अशा वेळी लिहिलेल्या या घटनेत तीन 'घटक जनसमूह' आहेत: बोस्नियाक, क्रोएट आणि सर्ब. राष्ट्राध्यक्षपद तिघांच्या मंडळाकडे, तिन्ही समूहांचा एकेक. वरच्या सभागृहात पंधरा जण, प्रत्येकी पाच. या तिघांत जे बसत नाहीत ते सगळे 'इतर'. हो, घटनेत शब्दच तो आहे. इतरांनी कर भरायचा, मत द्यायचं, पण त्या दोन ठिकाणी बसायचं नाही.

फिन्सी आणि रोमा समाजातले दर्वो सेजदिच स्ट्रासबूर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेले. २२ डिसेंबर २००९ ला न्यायालयाने सांगितलं की हा भेदभाव आहे. त्यांच्यामागून अझ्रा झोर्निच गेल्या. त्यांचं म्हणणं, मला तिन्हींपैकी काहीच म्हणवून घ्यायचं नाही, मी बोस्नियाची नागरिक आहे, तेवढं पुरे. मग इलियाझ पिलाव गेले, स्रेब्रेनित्साचे डॉक्टर. हे तर स्वतः बोस्नियाक. पण राहतात सर्बांच्या विभागात, आणि त्या विभागातून फक्त सर्ब सदस्य निवडला जातो. २०१४ आणि २०१६ साली या दोघांच्याही बाजूने निकाल लागले. घटना आहे तिथेच आहे.

आता माझं म्हणणं. आपण कुणाचे, कुठून आलो, घरात काय बोलतो, मेलेल्या माणसाला कसं पोचवतो, सणाला काय रांधतो, ही सगळी आठवण म्हणजे वांशिकता. ती बहुतेक जन्माबरोबर येते आणि तिला कुणाची परवानगी लागत नाही. राष्ट्राचं तसं नाही. कुणाबरोबर एका कायद्याखाली राहायचं, कुणाच्या पैशातून कुणाच्या गावचा रस्ता व्हायचा, निवडणूक हरलो तरी कुणाचं राज्य मुकाट मान्य करायचं, हे तिथे ठरवावं लागतं, आणि ते दर पिढीला नव्याने ठरतं. पहिली गोष्ट दुसरीला बळ देऊ शकते. पण पहिलीला दुसरीच्या दारावर पहारा द्यायला बसवलं की फिन्सींसारखी माणसं स्वतःच्याच देशात बाहेर उभी राहतात.

आणि ज्या वांशिकतेवर एवढं सगळं उभं केलंय ती किती घट्ट आहे तेही बघा. हे तिघेही स्लाव. एकमेकांचं बोलणं दुभाष्याशिवाय समजतं. सर्ब ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती, क्रोएट कॅथलिक, बोस्नियाक मुस्लिम, हा मुख्य फरक. बोस्नियातल्या सिगारेटच्या पाकिटावर धूम्रपान जीवघेणं असल्याची सूचना तीन भाषांत छापतात. वरच्या दोन ओळी 'पुशेन्ये उबिया', 'पुशेन्ये उबिया', अक्षर न अक्षर सारख्या. तिसरी ओळही तीच, फक्त सिरिलिक लिपीत.

जनगणनेतला इतिहास तर याहून बोलका आहे. तिथल्या मुस्लिमांना १९४८ मध्ये 'अनिश्चित मुस्लिम' असं लिहिता येत होतं. १९५३ ला 'अनिश्चित युगोस्लाव्ह'. १९६१ ला 'वांशिक अर्थाने मुस्लिम'. १९७१ ला इतर समूहांच्या बरोबरीने नुसतं 'मुस्लिम'. आणि सप्टेंबर १९९३ मध्ये, युद्ध पेटलेलं असताना, त्यांच्या प्रतिनिधींच्या सभेने 'बोस्नियाक' हे नाव स्वीकारलं. एकाच बाईने एका जन्मात पाच नावं लावली असतील, तिच्या चुलीवरचं जेवण तेच असेल.

आता याच देशातली एक चांगली गोष्ट. युद्धानंतर पाटीवरून गाडी कोणत्या भागातली ते कळायचं आणि लोक पलीकडच्या भागात गाडी न्यायला घाबरायचे. १९९८ मध्ये आंतरराष्ट्रीय देखरेख कार्यालयाने सगळ्यांसाठी एकच पाटी आणली. तिच्यावर गावाचं नाव नाही, आणि लॅटिन व सिरिलिक दोन्ही लिप्यांत सारखी दिसणारीच अक्षरं: ए, ई, जे, के, एम, ओ, टी. लोकांचं जाणं-येणं बघता बघता वाढलं. त्यासाठी कुणाला आपला धर्म, आपलं नाव, आपली लिपी सोडावी लागली नाही. रस्ता सगळ्यांचा झाला. राष्ट्र म्हणजे काय ते मला त्या पाटीत दिसतं.

तुम्हाला काय वाटतं? दुसरीकडची उदाहरणं माहीत असतील तर जरूर लिहा.

---

मीरा_सांगली

सिगारेटच्या पाकिटाचं वाचून थांबलेच. एक शंका: आई सर्ब आणि वडील बोस्नियाक असतील तर मुलाने काय लिहायचं? युगोस्लाव्हियात अशी लग्नं बरीच व्हायची असं ऐकलंय.

---

कृष्णाकाठ

@मीरा_सांगली, व्हायची, शहरांत तर सर्रास. १९८१ च्या जनगणनेत संपूर्ण युगोस्लाव्हियात बारा लाखांवर लोकांनी स्वतःला सरळ 'युगोस्लाव्ह' लिहिलं होतं, त्यात अशा घरांतली मुलं पुष्कळ. १९९१ मध्ये बोस्नियात असे साडेपाच टक्के होते. पुढच्या वर्षी तो देशच राहिला नाही. आज तशा घरातल्या मुलाला राष्ट्राध्यक्ष मंडळाच्या निवडणुकीला उभं राहायचं असेल तर आई किंवा वडील, एकाचीच बाजू जाहीर करावी लागते. दोन्ही लिहायची सोय नाही.

---

घाटमाथा

धागा चांगला आहे, पण मी असहमत आहे. जरा सविस्तर लिहितो.

डेटनच्या घटनेला नावं ठेवणं सोपं आहे. ती लिहिणाऱ्यांसमोर प्रश्न काय होता? २९ फेब्रुवारी आणि १ मार्च १९९२ ला बोस्नियात स्वातंत्र्यासाठी सार्वमत झालं. मतदान करणाऱ्यांतल्या ९९ टक्क्यांहून जास्त लोकांनी होकार दिला. कागदावर याहून स्पष्ट कौल असू शकत नाही. पण सर्बांतल्या बहुसंख्यांनी मतदानावर बहिष्कार टाकला होता, आणि एप्रिल उजाडता उजाडता युद्ध सुरू झालं. म्हणजे 'सगळे नागरिक, एकेक मत, बहुमत म्हणेल ते' हा तुमचा नागरी मार्ग वापरून झाला होता. तो चालला नाही, कारण 'सगळे' म्हणजे कोण यावरच एकमत नव्हतं.

ज्याचा भाऊ शेजारच्या गावच्या माणसांनी मारला, त्याला 'आता आपण सगळे फक्त नागरिक' असं सांगून तो शस्त्र खाली ठेवेल का? त्याला खात्री हवी असते की आपल्याला मतांनी चिरडणार नाहीत. ती खात्री या तीन खुर्च्यांनी दिली. तेव्हापासून तिथे युद्ध झालेलं नाही, हे लहान काम नव्हे.

दुसरं, राष्ट्राला तुम्ही करार म्हणता. करारासाठी कोण जीव देतं? लोक आजी-आजोबांच्या गोष्टींसाठी, गाण्यांसाठी, थडग्यांसाठी लढतात. बोस्नियाच्या राष्ट्रगीताला आजही अधिकृत शब्द नाहीत, नुसती चाल आहे, कारण शब्द कोणते यावर तिघांचं जमत नाही. तुमच्या नागरी राष्ट्राचं गाणं ते असं.

---

कृष्णाकाठ

@घाटमाथा, सार्वमताचा मुद्दा मान्य. बहुमत मोजलं म्हणजे राष्ट्र झालं असं माझंही म्हणणं नाही. आणि डेटनने युद्ध थांबवलं हे कुणीच नाकारणार नाही, स्ट्रासबूर्गच्या न्यायाधीशांनीही नाकारलेलं नाही. त्यांचं म्हणणं एवढंच की शांततेसाठी तेव्हा जे करावं लागलं ते आज, इतक्या वर्षांनी, तसंच्या तसं चालू ठेवायला पुरेसं कारण उरलेलं नाही.

माझी अडचण पुढची आहे. तात्पुरत्या शांततेसाठी घातलेली चौकट माणसं घडवायला लागते. मध्य बोस्निया आणि हर्झेगोव्हिनात 'एका छपराखाली दोन शाळा' हा प्रकार आहे. इमारत एक. क्रोएट मुलं एका भागात, बोस्नियाक मुलं दुसऱ्या भागात. पुस्तकं वेगळी, शिक्षक वेगळे, काही ठिकाणी दारं आणि वेळाही वेगळ्या. जे पोर २००५ मध्ये जन्मलं, ज्याने युद्ध पाहिलेलंच नाही, ते शेजारच्या पोराला शाळेच्या भिंतीपलीकडचा म्हणून ओळखायला शिकतं.

याइत्से नावाचं गाव आहे, धबधब्यासाठी प्रसिद्ध. तिथल्या माध्यमिक शाळेत दोन्हीकडची मुलं एकत्र शिकत होती. २०१६ मध्ये बोस्नियाक मुलांसाठी वेगळा अभ्यासक्रम आणि वेगळी शाळा काढायचं वरून ठरलं. त्याविरुद्ध मुलंच रस्त्यावर आली, दोन्हीकडची. गावात मोर्चे काढले, मग त्राव्निकला प्रांतिक सरकारच्या दारात जाऊन उभी राहिली. मोठ्या माणसांच्या पक्षांना न जुमानता त्यांनी वर्षभर रेटलं आणि २०१७ मध्ये सरकारने तो बेत सोडला. २०१८ चा माक्स फान देर स्टूल पुरस्कार त्या विद्यार्थ्यांना मिळाला.

त्या मुलांपैकी कुणी आपला धर्म सोडला नव्हता. क्रोएट मुलगी चर्चला जात होती, बोस्नियाक मुलगा ईदला घरी होता. करारासाठी कोण जीव देतं असं तुम्ही विचारलंत. ही पोरं बाकासाठी भांडली, आणि मला ते राष्ट्रासाठी भांडणंच वाटतं.

---

रेवदंडा

धागा वाचून राहवलं नाही. आमच्या अष्टागरातली गोष्ट आहे, म्हणून लिहिते.

बेने इस्रायल म्हणजे आपले कोकणातले ज्यू. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून आले अशी त्यांची परंपरा सांगते. घाणे चालवायचे, शनिवारी काम बंद, म्हणून शनवार तेली. आडनावं पेणकर, केहिमकर, नवगावकर, दिवेकर. बोली मराठी, साडी नऊवारी, नवसाला मलिदा. मुंबईतलं त्यांचं पहिलं सिनेगॉग १७९६ सालचं, सामाजी हसाजी दिवेकरांनी बांधलेलं.

१९४८ नंतर यातले बहुसंख्य इस्रायलला गेले. तिथे परतीचा कायदा आहे, १९५० चा: ज्यू असाल तर या, नागरिक व्हा. म्हणजे वंश हाच राष्ट्राचा दरवाजा. हे लोक आनंदाने गेले. आणि मग काय झालं? १९६० नंतर तिथल्या मुख्य धर्मपीठाने सूचना काढल्या की बेने इस्रायल माणसाचं लग्न दुसऱ्या ज्यूशी लावायचं असेल तर त्याच्या आई-आजीची चौकशी करा, जितकी मागे नेता येईल तितकी. शेकडो वर्षं कोकणात राहिले, मध्ये कुणाकुणाशी सोयरीक झाली असेल, असा संशय. इथे ज्यांनी घाणा हाकताना शनिवार पाळला, त्यांना तिथे ज्यूपणाचा पुरावा मागितला. दिमोना, बीरशेबा अशा गावांतून लोक यरुशलेमला आले, १९६४ च्या उन्हाळ्यात संसदेजवळ ठिय्या देऊन बसले. शेवटी त्या ऑगस्टमध्ये सरकार आणि संसदेने जाहीर केलं की बेने इस्रायल हे सर्वार्थाने ज्यू आहेत.

भारतात त्यांना हे कुणी विचारलं नव्हतं, याचा मला कोकणातली म्हणून अभिमान आहे. पण ते का गेले तेही मला कळतं. आपल्या माणसांत असण्याची ओढ खोटी नसते. कृष्णाकाठ, तुम्ही वांशिकतेला थोडं हलकं लेखता असं वाटलं. पाच नावं बदलली तरी त्या बाईला आपण कोण ते नीट माहीत असणार.

जाता जाता: इस्रायलच्या लोकसंख्या नोंदणीत नागरिकत्व वेगळं आणि राष्ट्रीयत्व वेगळं लिहितात. नागरिकत्व इस्रायली; राष्ट्रीयत्व ज्यू, अरब, द्रूझ वगैरे. उझ्झी ओर्नान या भाषातज्ज्ञांनी आणि इतरांनी कोर्टात मागणी केली होती की आमचं राष्ट्रीयत्वही 'इस्रायली' लिहा. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती फेटाळली.

---

कृष्णाकाठ

@रेवदंडा, फार मोलाचा प्रतिसाद. त्या ओढीबद्दल तुम्ही लिहिलंत ते पटलं. १९६४ चा ठिय्या मला माहीत नव्हता.

---

नाशिककर

मग आपल्याकडच्या राखीव जागांचं काय? तिथेही उमेदवार ठराविक समाजाचाच लागतो. बोस्नियाला बोलताना आपण आपल्याकडे बघायला नको का?

---

काळा_कोट

@नाशिककर, प्रश्न रास्त आहे, पण दोन्हींत मोठा फरक आहे.

राखीव मतदारसंघात उमेदवार अनुसूचित जातीचा असतो, मतदार मात्र सगळे. हे सप्टेंबर १९३२ च्या पुणे करारातून आलं. ब्रिटिश सरकारच्या जातीय निवाड्यात अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ आणि ७१ जागा होत्या. करारात संयुक्त मतदारसंघ आणि १४८ जागा झाल्या. बाबासाहेबांना स्वतंत्र मतदारसंघ हवे होते आणि त्यांची कारणं खरी होती: सवर्णांच्या मतांवर निवडून येणारा माणूस आमच्यासाठी कितपत भांडेल? गांधीजींच्या उपोषणाच्या दडपणाखाली त्यांना ते सोडावं लागलं, ही बाजू विसरून चालणार नाही.

हाच पेच बोस्नियात आजही जिवंत आहे. फेडरेशन या बोस्नियाक-क्रोएट भागातला मतदार राष्ट्राध्यक्ष मंडळासाठी बोस्नियाक किंवा क्रोएट, कुठल्याही एका यादीत मत देऊ शकतो. झेल्को कोमशिच २००६ पासून चार वेळा क्रोएट सदस्य म्हणून निवडून आले, बरीच मतं बोस्नियाकांची. क्रोएट पक्ष म्हणतात हा आमचा प्रतिनिधीच नव्हे. कोमशिच म्हणतात मी सगळ्या नागरिकांचा.

मुख्य फरक हा की आपल्या घटनेत राष्ट्रपती, पंतप्रधान ही पदं कुठल्याही समाजाला बंद नाहीत. आणि अनुसूचित जातींच्या जागा कुठल्या वेगळ्या राष्ट्राच्या म्हणून दिलेल्या नाहीत. हजारो वर्षं ज्यांना गावाबाहेर ठेवलं त्यांना आत घेण्यासाठी दिल्या आहेत. बोस्नियाची तरतूद 'इतरां'ना बाहेर ठेवते.

---

पद्मापार

बांगलादेशचा उल्लेख अजून कसा आला नाही? पाकिस्तान धर्मावर झाला, १९७१ ला भाषेवर फुटला, इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. त्यापुढचं कमी सांगितलं जातं. १९७२ मध्ये नव्या देशाची घटना होत असताना सगळे नागरिक 'बंगाली' म्हणून ओळखले जातील अशी तरतूद आली. चट्टग्रामच्या डोंगराळ भागातून निवडून आलेले मानवेंद्र नारायण लार्मा सभागृहात उभे राहिले आणि म्हणाले की मी चाकमा आहे, माझे वाडवडील कुणी बंगाली नव्हते. मी बांगलादेशचा नागरिक आहे, पण बंगाली नाही. तरतूद मंजूर झाली आणि त्यांनी सभात्याग केला. नंतर त्या डोंगरांत दोन दशकं सशस्त्र संघर्ष चालला, १९९७ च्या कराराने तो थांबला.

आपली भाषा लादू नका म्हणून ज्यांनी १९५२ ला ढाक्यात गोळ्या झेलल्या, त्यांच्याच देशाने वीस वर्षांत चाकमांना 'तुम्ही बंगालीच' म्हणून सांगितलं. २०११ च्या दुरुस्तीनंतर घटनेत आलं की जनता राष्ट्र म्हणून बंगाली आणि नागरिक म्हणून बांगलादेशी. म्हणजे दोन्ही शब्द एकाच कलमात, आणि चाकमा माणूस त्यातल्या एकातच बसतो.

---

घाटमाथा

पद्मापार, लार्मांचं उदाहरण मला हलवून गेलं. काळा_कोट यांनी बाबासाहेबांचा विषय काढलाच आहे, तर 'थॉट्स ऑन पाकिस्तान'मधलं त्यांचं एक विवेचन इथे आणतो, कारण माझा मुद्दा त्यातून नीट मांडता येईल. आपण एका जातकुळीचे आहोत ही भावना एक, आणि आपलं वेगळं राज्य हवं ही इच्छा दुसरी, असा भेद ते करतात. पहिली असली म्हणून दुसरी येतेच असं नाही.

आपलं संयुक्त महाराष्ट्राचं आंदोलन बघा. मराठी माणूस म्हणून भावना तीव्र, त्यासाठी लोकांनी मुंबईच्या रस्त्यावर प्राण दिले. मागितलं काय? मुंबईसह एक राज्य. वेगळा देश कुणी मागितला नाही. वांशिकता किंवा भाषिकता म्हणा, तिला राष्ट्राच्या आत मानाची जागा मिळाली तर ती राष्ट्र फोडत नाही. १९५६ ला राज्यं भाषेवर करू नका म्हणणारे दिल्लीत पुष्कळ होते, आणि त्यांची भीती खरी ठरली नाही. म्हणून मी म्हणतो की नागरी राष्ट्राच्या नावाखाली लोकांच्या ओळखी दाबू नका. बोस्नियाचं चुकलं ते समूहांना मान्यता दिली म्हणून नाही. मान्यतेची यादी तीनवर बंद केली म्हणून.

---

मीरा_सांगली

घाटमाथा आणि कृष्णाकाठ, तुम्ही दोघं आता बरेच जवळ आलात असं वाटतंय. पण मग बोस्नियात करायचं काय? निकाल लागून इतकी वर्षं झाली, काहीच का हललं नाही?

---

कृष्णाकाठ

'यादी तीनवर बंद केली' हे घाटमाथा यांनी माझ्यापेक्षा नेमकं सांगितलं. फक्त एक भर घालतो: आपल्याकडे राज्य भाषेचं असलं तरी सोलापुरात राहणारा कन्नड किंवा तेलुगू घरातला माणूस महाराष्ट्राचा मुख्यमंत्री व्हायला कायद्याने मोकळा आहे. समूहाला प्रदेश मिळाला, माणसाच्या पदावर शिक्का बसला नाही. बोस्नियात तो शिक्का माणसावर बसलाय.

@मीरा_सांगली, न हलण्याचं कारण साधं आहे. घटना बदलायला ज्या सभागृहांची संमती लागते, तिथे बसलेल्या बहुतेकांचं राजकारण या तीन कप्प्यांवरच चालतं. आणि तिन्ही बाजूंना मनातून भीती आहेच. घाटमाथा म्हणाले ती खरी भीती. एक प्रयत्न मात्र अगदी जवळ पोचला होता, स्ट्रासबूर्गच्या निकालाच्याही आधी. एप्रिल २००६ मध्ये घटनादुरुस्तीचा एक संच संसदेत आला. राष्ट्राध्यक्ष मंडळ संसदेने निवडायचं आणि केंद्र सरकार थोडं बळकट करायचं, असा त्याचा गाभा. तीन खुर्च्यांवरचे शिक्के त्यानेही पुरते पुसले नसते, पण एकदा घटना उघडली असती तर पुढची दुरुस्ती सोपी झाली असती असं मला वाटतं. दोन तृतीयांश मतं हवी होती. दोन मतं कमी पडली.